वाईट बातमी सांगायची नोकरी

त्या खोलीत मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी पुढे कितीतरी वर्षं देत राहिले. भांडी घासताना द्यायचे, कापूस वेचताना द्यायचे, ओठ न हलवता. दर वेळी उत्तर आधीपेक्षा चांगलं व्हायचं आणि दर वेळी नोकरी धाकट्या जावेकडेच असायची.

हिंगोली जिल्हा होऊन थोडे दिवस झाले होते. आमचं गाव नरसीच्या रस्त्याला, फाट्यावरून आत. एका संस्थेनं आजूबाजूच्या गावांत औषधपाण्याचं काम सुरू केलं आणि प्रत्येक गावात त्यांना एक बाई हवी होती. खोकला लांबलेल्या माणसाची थुंकी तपासायला पाठवायची, टीबी निघाला तर गोळ्या आपल्यासमोर घ्यायला लावायच्या, पोटुशी बायांवर लक्ष ठेवायचं. लिहिता-वाचता येत असलं की बास, पण बाई गावातलीच सून पाहिजे, म्हणजे गाव सोडून जायची नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा नदीपलीकडे होती म्हणून घरच्यांनी काढून घेतलं, पण वाचायची सवय मोडली नव्हती. किराणा बांधून आलेला कागदही मी वाचून मगच चुलीत घालायचे.

घरात हे मीच पहिल्यांदा बोलले. रात्रीच्या भाकरी थापत होते, शेजारी जाऊ भाजी चिरत होती. मालक भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना म्हटलं, "त्या संस्थेत चौथी पास चालती का, इचारता का जरा?"

मालक हसायलाच लागले. "तू? तू तर दुकानात मीठ मागायला पोरीला धाडती. लोकाच्या घरी जाऊन काय बोलशीन?"

"बोलंन."

"माह्यासंगं तरी बोल आधी."

सगळे हसले. जाऊपण हसली. मी तरी अर्ज केला. पण आठवडा झाला नसेल, तिचाही अर्ज गेल्याचं मला दिराकडून कळलं. ती हिंगोलीची, दहावी पास. तिचा बाप एसटीत होता. ती जीपवाल्याशी भांडायची, मास्तरांना नावानं हाक मारायची, आणि सासूबाईंनाही उलटून बोलायची, पण असं की सासूबाईंना हसूच यायचं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मी लग्न होऊन दहाबारा वर्षं झाली तरी आत्याबाईंसमोर डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहायचे. ती आली आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या शेजारी खाटेवर बसली.

मी तिला विचारलं, "तू काहून अर्ज केला?"

"तुमी सांगितलं म्हणून तर कळलं मला, ताई. दोघी जाऊ. ज्याचं होईल त्याचं होईल."

असं बोलायचं तिला सोपं होतं. तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. माझ्याकडे एकच गोष्ट होती: बाया माझ्यापाशी बोलायच्या. मी बोलत नाही म्हणूनच बोलायच्या. कुणाची पाळी चुकली, कुणाला नवरा मारतो, कुणी माहेरून काय आणलं, सगळं माझ्यापाशी यायचं आणि राहायचं. मला वाटायचं की ही नोकरी म्हणजे हेच काम, फक्त त्याला नाव असेल, आणि मी दुपारी घराबाहेर पडले तर कुणी "कुठं चालली?" म्हणून विचारणार नाही.

मुलाखत हिंगोलीला होती. आम्ही दोघी एकाच काळ्या-पिवळीनं गेलो. जीपमध्ये माणसं इतकी कोंबली होती की माझं अर्धं अंग जावेच्या मांडीवर होतं. ती रस्ताभर मला सांगत होती, "घाबरू नका ताई, तोंड वर करून बोला." मला तिचं ते सांगणं आवडलं नाही. मोठी मी होते.

संस्थेनं एक घर भाड्यानं घेतलं होतं. पुढच्या खोलीत सतरंजीवर आम्ही सात-आठ बाया बसलो. एक तांड्यावरची होती, तिच्या हातभर बांगड्या वाजत होत्या. एक कळमनुरीकडची, मांडीवर लेकरू घेऊन आलेली. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं, पण आत बसलेल्यांना ते बहुतेक माहीत नव्हतं.

माझा नंबर जावेच्या आधी लागला. आत चष्म्याच्या एक बाई, एक डॉक्टर आणि संस्थेचे एक सर. बाई पुण्याकडचं बोलत होत्या. नाव-गाव झालं, एक कागद वाचायला दिला, तो मी न अडखळता वाचला. मला धीर आला. मग बाईंनी विचारलं, "समजा, तुमच्या गावातल्या एका बाईची तपासणी झाली. तिला टीबी निघाला. हे तिला सांगायचं काम तुमचं आहे. कसं सांगाल? तिला धक्का बसू नये, पण समजलंही पाहिजे."

आमच्याकडे लेकीला माहेरचं मरण कळवायची एक रीत आहे. निरोप घेऊन येणारा मेल्याचं कधीच सांगत नाही. तो म्हणतो, "तब्येत जरा कमी-जास्त हाय, तुला बघावं वाटायलंय." सासरची माणसं आधी लेकीला जेवू घालतात, कारण तिकडे गेल्यावर तिच्या पोटात दिवसभर काही जाणार नसतं. मग गाडीत बसवतात. वाटेत कुणी काही बोलत नाही. गावाच्या शिवेपाशी आलं की तिला आपोआप कळतं.

माझा बाप वारला तेव्हा चुलतभाऊ सायकलवर आला होता. ओट्यावर बसून पाणी पीत म्हणाला, "काकाला बरं न्हाई." आत्याबाईंनी मला हाक मारली आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. घरात बाप्ये जेवले नव्हते, पोरं जेवली नव्हती, आणि थोरल्या सुनेला पहिलं ताट. त्याच घासाला मला कळलं की बाप गेला. मी जेवले. सगळं ताट संपवलं. आत्याबाई समोर बसून होत्या, भाकरीवर तूप घालत होत्या. त्यांनी आयुष्यात माझ्यावर एवढी माया कधी केली नव्हती, आधी नाही, नंतर नाही. मला कुणी सांगितलं नाही, पण मला सांगितलं गेलं होतं. यापेक्षा मऊ हातानं कुणाला काही सांगता येतं, असं मला वाटत नव्हतं.

म्हणून मी बाईंना म्हटलं, "मी आधी तिला जेवू घालीन."

बाई हसल्या, चांगलं हसल्या. "छान. आणि मग?"

"मग म्हणीन, जरा खोकला जास्त हाय, दवाखान्यात जाऊन येऊ."

"आणि टीबी आहे, हे कधी सांगाल?"

"ते कळतं तिला."

"कसं कळेल? तुम्ही तर सांगितलंच नाही."

"कळतं की," मी म्हटलं. बापाची गोष्ट सांगायची होती, पण ती तीन अनोळखी माणसांसमोर कशी सांगायची? डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. सर म्हणाले, "ताई, गोळ्या सहा महिने खायच्या असतात. कशाच्या ते कळलं नाही तर ती खाईल कशाला?" मी मान खाली घातली. त्यांचं बरोबर होतं, हे मला तिथेच कळलं. म्हणूनच जास्त लागलं.

मी बाहेर आले आणि जाऊ आत गेली. मी पडद्यालगत भिंतीशी बसले. तिला तोच प्रश्न.

ती म्हणाली, "मी तिला बाजूला घेईन. घरच्यांच्या म्होरं न्हाई सांगणार, कारण मग सासूच पहिली बोलती. तिचा हात हातात घेईन आणि सरळ सांगीन, टीबी हाय, पण गोळ्यांनी बरा होतो. आणि ती रडली तर रडू देईन. रडणं झालं की मंग गोळ्यांचं सांगीन. रडताना काही ऐकू येत न्हाई माणसाला."

"वा," बाई म्हणाल्या.

हात हातात घेईन! ती! जिनं स्वतःच्या पोराला सुई टोचताना माझ्या मांडीवर टाकलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली, ती. मला वाटलं, पडदा बाजूला करून सांगावं की ही असलं काही करत नाही. पण शेवटचं वाक्य तिचं खरं होतं. रडताना ऐकू येत नाही. ते मला सुचायला पाहिजे होतं.

नोकरी तिला मिळाली. आत्याबाई गल्लीभर सांगत फिरल्या, आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "बरं झालं बाई. एक सून गोळ्या वाटायला, एक सून भाकरी थापायला. घर कसं भरून निघालं." मालकांनी मला काही म्हटलं नाही. मीठ मागायची गोष्ट त्यांनी काढली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

मग ती दुपारी बाहेर पडायला लागली. गावात तिला गोळ्यावाली म्हणायचे. पहिल्यांदा टिंगल होती. "ए गोळ्यावाले, मालकाला झोपायची गोळी दे की!" ती उलट म्हणायची, "तुमच्या मालकिणीला इचारते आधी, कोणाला पायजे ते." वर्षभरात टिंगल गेली आणि नुसतं नाव राहिलं. घरातली तिची कामं माझ्याकडे आली. मी तिच्या वाटच्या भाकरी थापायचे आणि प्रत्येक भाकरीला वाटायचं की जाऊ माझ्या जागेवर उभी आहे. ती घरी येऊन काही सांगायला लागली की मी चुलीत फुंकर मारायचे, म्हणजे ऐकू आलं नाही असं होईल. मला सगळं ऐकू यायचं.

एक मात्र मनात धरून होते. ज्या दिवशी तिला खरंच कुणाला सांगायची वेळ येईल, त्या दिवशी तिचं पितळ उघडं पडेल. पडद्याआड बोलणं वेगळं आणि समोर माणूस असणं वेगळं.

ती वेळ आमच्या समोरच्या घरातच आली. तिथली सून माझ्या वयाची. निंदायला जायचं तर आम्ही एका वावरात जायचो, भाकर एका झाडाखाली खायचो. तिचा खोकला जाईना तेव्हा जावेनं तिची थुंकी पाठवली होती. एका सकाळी जाऊ मला म्हणाली, "ताई, चला संगं. तुमी असल्या की तिला बरं वाटंल."

मी गेले. तिला बरं वाटावं म्हणून गेले असं मी सांगितलं असतं, पण मी बघायला गेले होते.

मैत्रीण ओट्यावर सुपात डाळ घेऊन खडे निवडत होती. सासू आत होती. जाऊ तिच्या शेजारी बसली आणि सुपातून मूठभर डाळ घेऊन तीही निवडायला लागली. मग हळूच म्हणाली, "थुंकीचा कागद आला. तुला काय वाटतं, काय निघालं असंल?"

मैत्रीण बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "टीबी."

"व्हय. तोच हाय."

मी वाट बघत होते की आता ती हात हातात घेईल. तिनं घेतला नाही. डाळ निवडत बसली. मैत्रिणीनं पदर तोंडाशी नेला, आवाज न करता रडली, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. मला राहवेना. मी म्हणणार होते, काही होत नाही गं, रडू नको. जावेनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी गप्प बसले. मैत्रिणीचं रडणं थांबलं तेव्हा तिनंच विचारलं, "लेकरांना लागंल का?" मग जावेनं सगळं सांगितलं. गोळ्या, किती महिने, खोकताना काय करायचं, लेकरांची तपासणी कधी. शेवटी म्हणाली, "सासूला तू सांगती का मी सांगू?"

"तूच सांग बाई. तुझं ऐकतीन त्या."

मी तिथे बसले होते, सुपाच्या या बाजूला. दहा वर्षांपासूनची मैत्रीण माझी होती आणि तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढे ती बरी व्हायला लागल्यावर, एकदा झाडाखाली मी तिला विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "मी असते गोळ्यावाली तर?"

ती भाकरीचा तुकडा मोडत होती. "तू? तू असती तर मला उन्हाळ्यापर्यंत कळलंच नसतं. तू मला खाऊ घालू घालू मारली असती." ती मोठ्यानं हसली. तिला माझ्या मुलाखतीचं काही माहीत नव्हतं. मी माणूस कशी आहे एवढंच तिला माहीत होतं. मी तिच्याबरोबर हसले. त्या दिवशी मात्र निंदताना माझी ओळ तिच्या ओळीपासून लांब धरली.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग संस्थेत वरची जागा निघाली, बऱ्याच गावांतल्या कार्यकर्तींवर देखरेख करायची. जावेनं अर्ज केला. आणि पहिल्यांदा मला तिचं भलं व्हावं असं वाटलं. ती वर गेली की गावातली जागा मोकळी होणार होती. मला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं.

ती म्हणाली, "ताई, मला प्रश्न इचारा ना. सवय व्हावी."

मी तिच्या मागेच लागले. दिवेलागणीला ती भाजी निवडायला बसली की मी चष्म्याची बाई व्हायचे. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे आणि पुण्याकडचं बोलायचे. "समजा, एक कार्यकर्ती काम करत नाही. तिला काढून टाकायचं आहे. तर तुम्ही तिला कसं सांगाल?"

"मी म्हणीन, बाई, तुमचं काम..."

"बाई म्हणू नका. तिला नाव नाही का?"

"अगं बाई!" ती हसून हसून भाजीवर पडायची. "ताई, तुमी तर त्या बाईपेक्षा खोदून खोदून इचारायल्या!"

मला प्रश्न सुचायचे. इतकी वर्षं मी उत्तरंच देत आले होते, प्रश्न कुठून येणार हे मला पाठ झालं होतं. आत्याबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "थोरलीला काय झालं, देव आला का अंगात?" त्या दिवसांत आम्ही दोघी जितक्या हसलो तितक्या आधी कधी हसलो नव्हतो. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हटलं असतं, जावा असाव्यात तर अशा.

एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "त्या टायमाला तुमचं उत्तर मी बाहेरून ऐकलं होतं ना, ताई. त्यानं लई फायदा झाला मला. काय बोलायचं न्हाई ते कळलं."

ती कौतुकानं म्हणाली होती. मी उठून चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

ती निवडली गेली. मी गावभर पेढे वाटले, माझ्या हातानं, आणि दारोदार जाताना प्रत्येक घर नीट बघून घेतलं. या घरी म्हातारी दम्याची, या घरी पोटुशी सून, या घरचा माणूस सांगून ऐकायचा नाही. मनातल्या मनात मी कामाला लागले होते. मालकांनाही बोलले. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "कर. आता बोलायला लागलीस तू."

जाऊ हिंगोलीला बैठकीला गेली त्या दिवशी मी हळदीच्या वावरात खुरपत होते. ती आमच्या गावच्या जागेचं विचारून येणार होती. ऊन कलायच्या आत ती बांधावरून येताना दिसली. अंगावर बैठकीची चांगली साडी, हातात चपला. घरी न जाता ती फाट्यावरून सरळ वावरात आली होती. ती कशी चालते आहे ते मी बघत होते.

ती सरीत माझ्यासमोर उकिडवी बसली. "ताई, खुरपं ठेवा जरा."

मी ठेवलं.

"ती जागा तुमाला मिळत न्हाई. आता आठवी पास लागती, वरूनच नियम आला. मी सरांशी बोलले, बाईंशी बोलले. न्हाई म्हणाले. पुढंही व्हायचं न्हाई, आशा ठेवू नका."

मी म्हटलं, "बरं."

ती उठली नाही. वारा होता, हळदीची पानं हलत होती. मी मनात तिची चूक शोधत होते. तिनं आडवळणानं सांगितलं असतं, चहा पाजून सांगितलं असतं, वाईट वाटून घेऊ नका म्हटलं असतं, तर मी तिला धरलं असतं. दोन दिवस दाबून ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी विचारलंच, "कवा कळलं तुला?"

"आज दुपारी. पाणीबी न्हाई पेले, तशीच आले."

मग मला रडू आलं आणि तिनं मला रडू दिलं. तोंड दुसरीकडे करून बसली. माझं झाल्यावर विचारलं, "काही इचारायचं हाय का?" मी मान हलवली. यापेक्षा चांगलं कुणाला सांगता आलं नसतं. मला तर नक्कीच नाही. रागावायला तिनं माझ्यासाठी एवढीशीही जागा ठेवली नव्हती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

तिनं चपला बांधावर ठेवल्या, साडी खोचली, दुसरं खुरपं घेतलं आणि माझ्या शेजारची ओळ धरली. ती शहरातली, तिला खुरपणं कधीच नीट आलं नाही. ती गवत वरून कापते, मुळं तशीच राहतात. ती ओळ संपवून पुढे गेली तेव्हा मी माझी ओळ सोडली आणि तिची ओळ सुरुवातीपासून पुन्हा खुरपली, एकेक मूळ उपसून बांधाकडे फेकत. तिनं मागे वळून बघितलं. मीही बघितलं. आणि खुरपत राहिले.